देश श्रीमंत, खजिना रिकामा: मिंग घराणे कसे कोसळले

१६२९ साली बीजिंगच्या दरबाराने काटकसरीचा एक निर्णय घेतला. सरकारी हुकूम आणि प्रवासी अधिकारी यांची ने-आण करण्यासाठी साम्राज्यभर डाकचौक्या होत्या. त्यांचा खर्च कमी करायचा, घोडी घटवायची आणि घोड्यांसोबत माणसेही कमी करायची, असे ठरले. वायव्येकडील शान्शी प्रांतात तेव्हा पावसाने ओढ देऊन वर्ष-दोन वर्षे झाली होती, त्यामुळे नोकरी गेलेल्या माणसाला गावी परतून शेतात करण्यासारखे काही उरले नव्हते. याच प्रांतातील मीझी तालुक्यात, लहानपणी मेंढ्या राखलेला आणि पुढे डाकचौकीवर चाकरीला लागलेला ली झिचेंग नावाचा तरुण या सुमारास बेकार झाला आणि बंडखोरांना जाऊन मिळाला. पंधरा वर्षांनी, एप्रिल १६४४ मध्ये, तोच ली झिचेंग मोठी फौज घेऊन बीजिंगच्या वेशीतून आत शिरला आणि २७६ वर्षे राज्य केलेल्या मिंग घराण्याच्या सम्राटाने राजवाड्यामागच्या टेकडीवर गळफास घेतला.

ही हकिकत बहुतेक वेळा दैवाचा फेरा म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातला दुसराच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या काळात चिनी रेशमाला आणि चिनी मातीच्या भांड्यांना जपानपासून युरोपपर्यंत मागणी होती, त्यांच्या मोबदल्यात जगातील चांदीचा फार मोठा ओघ चीनकडे वाहत होता, सूझौसारखी शहरे व्यापाराने फुलली होती. इतक्या संपन्न देशाच्या सरकारजवळ डाकचौकीवरच्या नोकराला पगार द्यायला पैसा का नव्हता? या एका प्रश्नाचा माग काढत गेले की मिंग घराण्याच्या ऱ्हासाचा बराचसा उलगडा होतो.

त्यासाठी आरंभापासून सुरुवात करावी लागते. घराण्याचा संस्थापक झू युआनझांग हा गरीब शेतकऱ्याचा मुलगा होता. दुष्काळ आणि रोगराई यांत त्याने आईवडील गमावले, काही काळ बौद्ध मठात राहून भिक्षा मागितली, मग मंगोलांच्या युआन राजवटीविरुद्धच्या बंडात तो शिरला आणि १३६८ मध्ये नानजिंग येथे होंगवू या राजनामाने सम्राट झाला. करवसुली करणारा सरकारी माणूस गरिबाच्या दारात आला की काय होते हे त्याने स्वतः भोगले होते. म्हणून त्याने मुद्दाम कमी खर्चाचे आणि कमी हात पसरणारे राज्य उभारले. शेतसारा हलका ठेवला आणि प्रत्येक तालुक्याने किती धान्य द्यायचे याचा आकडा ठरवून दिला. सैन्याचा भार रयतेवर पडू नये म्हणून लष्करी कुटुंबांना जमिनी दिल्या. त्यांनी शेती करावी, त्यावर पोट भरावे आणि पिढ्यान्‌पिढ्या सैनिक पुरवावेत, अशी योजना होती. वंशजांनी आपल्या नियमांत बदल करू नये, अशी आज्ञाही त्याने मागे ठेवली.

या व्यवस्थेतील दयाबुद्धी खरी होती आणि तिच्याबद्दल मला आदर वाटतो. पण गोठवलेला कर देशाबरोबर वाढत नाही. पुढील दोन शतकांत लोकसंख्या कितीतरी वाढली, नवी जमीन लागवडीखाली आली, बाजारपेठा उभ्या राहिल्या. साऱ्याचा मूळ आकडा मात्र जवळपास होता तिथेच राहिला. व्यापारातून सरकारला मिळणारे उत्पन्न तर नगण्यच होते, कारण संस्थापकाच्या नजरेसमोर बाजाराचा नव्हे, तर खेड्यांचा चीन होता. लष्करी जमिनी हळूहळू अधिकाऱ्यांनी गिळल्या, सैनिक पळून गेले आणि सोळाव्या शतकापर्यंत उत्तर सीमेवर रोख चांदी मोजून भाडोत्री सैनिक ठेवण्याची वेळ आली. जे सैन्य फुकटात मिळायचे होते, तेच खजिन्याचे सर्वांत मोठे भगदाड बनले.

दुसरे भगदाड घरातलेच होते. होंगवूने आपल्या पोरांना राजपुत्र म्हणून प्रांतोप्रांती बसवले आणि त्यांच्या सर्व पुरुष वंशजांना सरकारी तैनात, म्हणजे कायमचा ठरावीक भत्ता, लावून दिली. या वंशजांनी नोकरी करायची नाही, व्यापार करायचा नाही, फक्त तैनात घ्यायची, असा नियम होता. आरंभी मूठभर असलेले हे कुटुंब दीडदोनशे वर्षांत हजारोंच्या घरात गेले. १५६२ साली एका अधिकाऱ्याने सम्राटासमोर हिशेब मांडला: दरवर्षी राजधानीला पोहोचणारे धान्य ४० लाख शि (एक शि म्हणजे सुमारे १०० लिटरचे माप), आणि राजघराण्यातील मंडळींना द्यावयाचे धान्य ८५ लाख ३० हजार शि. राजधानीकडे येणारे सगळे धान्य देऊनही निम्मी तैनातसुद्धा भागत नव्हती.

आता चांदीकडे वळू. मिंग राजवटीने १३७५ मध्ये कागदी चलन काढले होते, पण त्याच्यामागे सोने-चांदी नव्हती आणि नोटा बेसुमार छापल्या गेल्या. लोकांचा विश्वास उडाला आणि व्यवहार आपोआप चांदीवर गेला. सरकारही हळूहळू कर चांदीत घेऊ लागले. जपानच्या खाणींतून चांदी येत होतीच. १५७१ मध्ये स्पॅनिशांनी मनिला शहर वसवल्यावर दक्षिण अमेरिकेतील पोतोसीच्या डोंगरातली चांदीही समुद्रमार्गे चिनी व्यापाऱ्यांच्या हाती पडू लागली. धान्य, वेठ आणि किरकोळ देणी यांची गुंतागुंत मोडून सगळ्यांचा मिळून एकच कर चांदीत घ्यायचा, अशी सुधारणा आधी काही भागांत आणि १५८१ मध्ये देशभर लागू झाली. चिनी भाषेत तिच्या नावाचा मूळ अर्थ ‘सगळे एका नोंदीत बांधणे’ असा आहे. पण उच्चार सारखा असल्यामुळे ती ‘एक चाबूक’ या नावाने ओळखली गेली.

आग्नेय किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला ही पद्धत सोयीची होती, कारण त्याच्या गावच्या बाजारात चांदी खेळत होती. शान्शीच्या कोरडवाहू पठारावर मात्र चांदी दिसणेच मुश्किल होते. तिथल्या शेतकऱ्याला कर भरण्यासाठी सुगीच्या दिवसांत, भाव पडलेले असताना, धान्य विकावे लागे आणि पुढे पोटासाठी तेच धान्य चढ्या भावाने उधार घ्यावे लागे. वर्ष चांगले असेल तर तो कसाबसा तरून जाई. पाऊस हुकला की विकायला धान्यही नसे आणि कराची मागणी मात्र चांदीतच उभी असे.

ही सुधारणा देशभर नेणारा माणूस म्हणजे महासचिव झांग ज्युझेंग. होंगवूने १३८० मध्ये मुख्य प्रधानाचे पद कायमचे रद्द करून सर्व कारभार सम्राटाच्या हाती एकवटला होता. त्यामुळे पुढे सम्राटाच्या सचिवांपैकी जो कर्तबगार निघेल, तो प्रधानासारखे काम करी खरा, पण त्याच्या अधिकाराला कायद्याचे पाठबळ नसे. वानली सम्राट १५७२ मध्ये लहान वयात गादीवर आला आणि पुढची दहा वर्षे झांगने राज्य चालवले. त्याने जमिनीची नव्याने मोजणी करवली, अधिकाऱ्यांच्या कामाची तपासणी सुरू केली, खजिन्यात शिल्लक पाडली. जमीनमोजणीने दुखावले गेले ते मोठे जमीनदार आणि पदवीधर घराणी. सरकारी परीक्षा उत्तीर्ण झालेल्या माणसाला वेठीतून सूट होती, म्हणून साधे शेतकरी आपली जमीन त्याच्या नावावर दाखवत आणि कराचा उरलेला बोजा मागे राहिलेल्या गरिबांवर पडे. १५८२ मध्ये झांग वारला. दोन वर्षांच्या आत त्याचे मानमरातब काढून घेण्यात आले, घरादारावर जप्ती आली आणि त्याच्या माणसांना दूर सारण्यात आले. घराण्याला सावरण्याची सर्वांत चांगली संधी इथेच हातची गेली, असे माझे मत आहे.

वानलीने एकूण ४८ वर्षे राज्य केले. धाकट्या लाडक्या राजपुत्राला वारस करावे ही त्याची इच्छा. थोरल्यालाच वारस केले पाहिजे हा अधिकाऱ्यांचा आग्रह. वर्षानुवर्षे हा वाद चालला. अखेर १६०१ मध्ये त्याला थोरल्याला वारस जाहीर करावे लागले, पण तोपर्यंत तो दरबारावर रुसला होता. त्याने दरबारात येणे सोडले, कागदपत्रांना उत्तरे देणे सोडले आणि रिकाम्या झालेल्या जागा वर्षानुवर्षे भरल्याच नाहीत. याच काळात निंगशिया, कोरिया आणि नैऋत्येकडील बोझौ येथील मोहिमांवर एक कोटी तायलांहून अधिक चांदी खर्च झाली (तायल म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम चांदी). मुख्य खजिन्याची वार्षिक जमा तेव्हा साधारण ४० लाख तायल होती. तूट भरून काढण्यासाठी सम्राटाने १५९६ पासून राजवाड्यातील खोजांना (खच्ची केलेल्या सेवकांना) खाणी आणि व्यापार यांवर कर वसूल करायला गावोगावी धाडले. व्यापारावर कर बसवण्यात तत्त्वतः काही गैर नव्हते. पण तो नियमाने न बसवता मनमानी खंडणीसारखा उकळला गेला आणि १६०१ मध्ये सूझौच्या विणकरांनी त्याविरुद्ध दंगा केला.

पुढच्या काळातील खोजांची सत्ता आणि दरबारातील तट यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थोडक्यात सांगतो. १६२० ते १६२७ या काळात तियानची सम्राटाच्या नावाने वेई झोंगशियान हा खोजा प्रत्यक्ष सत्ता चालवत होता. वूशी येथील डोंगलिन विद्यापीठाशी जोडलेल्या नीतिनिष्ठ विद्वानांनी त्याला विरोध केला. त्यांच्यातील अनेकांचा तुरुंगात छळ होऊन अंत झाला. वेई पडल्यानंतरही ती कटुता गेली नाही. प्रत्येक प्रश्न ‘तू कोणत्या गटाचा’ याच अंगाने तपासला जाऊ लागला आणि लष्करी निर्णयही त्यातून सुटले नाहीत.

लष्करी संकट तर दारात उभे होते. ईशान्येकडील जुर्चेन टोळ्यांना नुरहाची या सरदाराने एकत्र केले आणि १६१६ मध्ये स्वतःचे राज्य घोषित केले. १६१९ मध्ये सारहू येथे मिंग सैन्याच्या चार तुकड्या वेगवेगळ्या वाटांनी त्याच्यावर चालून गेल्या आणि त्याने त्यांपैकी तीन एकेक गाठून धुळीला मिळवल्या. १६२६ मध्ये निंगयुआनच्या तटावरून युआन चोंगहुआन या सेनानीने पोर्तुगीज बनावटीच्या तोफांच्या बळावर नुरहाचीला माघार घ्यायला लावली. नुरहाचीचा मुलगा होंग ताईजी १६२९ मध्ये चिनी भिंतीला वळसा घालून थेट बीजिंगच्या परिसरात घुसला, तेव्हा युआन राजधानी वाचवायला धावून आला. पण फितुरीच्या आरोपाखाली त्यालाच पकडले गेले आणि १६३० मध्ये हाल करून मारण्यात आले. पुढे होंग ताईजीने आपल्या लोकांना मांचू हे नाव दिले आणि १६३६ मध्ये राज्याला छिंग.

या युद्धासाठी पैसा कुठून आणायचा? मूळ साऱ्याचा आकडा गोठलेला, राजघराणे आणि पदवीधर घराणी यांच्याकडे हात जात नाही, व्यापारावर नीट कर नाही. मग १६१८ पासून जमिनीवर जादा कर बसला आणि १६२० पर्यंत तो दर मूमागे तायलाचे नऊ हजारांश इतका झाला. मू म्हणजे साधारण सहा गुंठे. म्हणजे सहा गुंठ्यांना चांदीचा सुमारे एक तृतीयांश ग्रॅम. आकडा किरकोळच दिसतो. देशभराची सरासरी काढली तर मिंग काळातला शेतसारा खरोखरच फार जड नव्हता, आणि हे लक्षात घेतल्याशिवाय ही कथा नीट कळत नाही. घोटाळा वाटपात होता. सुपीक खोरे असो की नापीक टेकाड, आकारणी मूच्या हिशेबाने. ज्याची जमीन वजनदार घराण्याच्या नावावर लपलेली होती तो सुटायचा आणि पळून गेलेल्या शेजाऱ्याचा हिस्सा गावात उरलेल्यांच्या माथी यायचा. उरलेल्यांपैकी आणखी काही पळायचे. १६३७ मध्ये बंडखोरांचा बंदोबस्त करण्यासाठी दुसरा जादा कर आला आणि १६३९ मध्ये सैन्याच्या प्रशिक्षणासाठी तिसरा. पहिल्या कराने ज्यांना बंडखोर बनवले होते, त्यांना मारण्याचा खर्च दुसऱ्या कराने अजून बंडखोर न झालेल्यांकडून घेतला.

याच वेळी निसर्गही उलटला. सतराव्या शतकाचा पूर्वार्ध जगाच्या अनेक भागांत थंडीचा आणि अवर्षणाचा होता. आपल्याकडे १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खन आणि गुजरात दुष्काळाने होरपळले आणि तुकोबांची पहिली पत्नी अन्नाविना गेली, ते हेच दशक. शान्शीत १६२८ पासून हाहाकार होता. त्या भागातून आलेल्या मा माओत्साई या अधिकाऱ्याने १६२९ मध्ये सम्राटाला लिहिले, की लोकांनी आधी डोंगरावरचे गवत खाल्ले, ते संपल्यावर झाडांची साल, आणि साल संपल्यावर डोंगर खणून दगडाची भुकटी, जी खाल्ल्याने पोट फुगून ते मरत. डाकचौक्यांवरची कपात झाली ती याच वर्षी.

१६२७ मध्ये गादीवर आलेला चोंगझेन सम्राट आळशी किंवा विलासी नव्हता, हे सांगितलेच पाहिजे. तो सोळाव्या वर्षी सम्राट झाला, त्याने वेई झोंगशियानला दूर केले, रात्री उशिरापर्यंत कागद वाचले, स्वतःच्या खर्चाला कात्री लावली. पण कोणावरही त्याचा विश्वास टिकत नसे. १७ वर्षांत त्याने सुमारे ५० महासचिव बदलले. एकाच वेळी मांचूंशी आणि बंडखोरांशी लढणे अशक्य आहे, हे उघड होते. मांचूंशी तह करून एक आघाडी शांत करावी, असे त्यालाही वाटत होते. त्याच्याच संमतीने युद्धमंत्री चेन शिनजिया गुप्तपणे बोलणी करत होता. १६४२ मध्ये ही गोष्ट फुटली आणि दरबारात गहजब झाला. सम्राटाने आपल्या संमतीची जबाबदारी घेतली नाही. त्याने मंत्र्याचा शिरच्छेद करवला. त्यानंतर त्याला खरा सल्ला देण्याचे धाडस कोण करणार होते?

ली झिचेंगचे बळ या काळात वाढत गेले. १६४१ मध्ये त्याने लुओयांग घेतले. वानलीने ज्याला वारस करायचा प्रयत्न केला होता तो लाडका राजपुत्र तिथे राहत होता. बापाने त्याला अफाट जमिनी दिल्या होत्या आणि वेढ्याची चाहूल लागल्यावरही त्याने सैनिकांसाठी आणि उपाशी लोकांसाठी हात सैल सोडला नव्हता. लीने त्याला ठार केले आणि त्याची कोठारे भुकेलेल्यांना वाटली. ‘राजा चुआंगचे स्वागत करा, सारा भरावा लागणार नाही’ ही त्याच्या बाजूची घोषणा गावोगाव पोहोचली. चुआंग हे लीचे बिरुद होते. एका कर माफ करण्याच्या वचनात केवढी ताकद होती, हे त्याच्याभोवती जमलेल्या गर्दीवरून दिसते. १६४२ मध्ये काइफेंगच्या वेढ्यात पीत नदीचे बांध फुटले आणि लाखो माणसे दगावली. १६४३ मध्ये बीजिंगमध्ये साथीच्या रोगाने थैमान घातले.

चांदीबद्दल एक खुलासा इथे करायला हवा. १६३९ मध्ये जपानने पोर्तुगीज व्यापाऱ्यांना हाकलले, त्याच वर्षी मनिलात चिनी रहिवाशांची मोठी कत्तल झाली आणि चांदीची आवक विस्कळीत झाली. काही इतिहासकार हे पतनाचे प्रमुख कारण मानतात. इतरांना त्याचा परिणाम मर्यादित वाटतो. मला दुसरे मत अधिक पटते, कारण शान्शीच्या शेतकऱ्याजवळ चांदी नव्हती ती आवक भरपूर असतानाही नव्हतीच.

१६४४ च्या वसंतात ली राजधानीजवळ आला, तेव्हा बीजिंगच्या सैनिकांचे पगार थकले होते. सम्राटाने दरबारी आणि नातेवाईक यांच्याकडे देणगी मागितली. त्याच्या सासऱ्यानेसुद्धा मोठ्या मिनतवारीने थोडीच रक्कम पुढे केली. २५ एप्रिलच्या पहाटे दरबाराची घंटा वाजवण्यात आली, पण कोणी आले नाही. सम्राटाने एका विश्वासू खोजासह टेकडी गाठली आणि वयाच्या ३३ व्या वर्षी जीवन संपवले. पुढच्या काही आठवड्यांत लीच्या सेनानींनी त्याच दरबाऱ्यांना पकडून, त्यांची हाडे पिळून, घराघरांतून चांदीच्या राशी बाहेर काढल्या. राजधानी वाचवण्यासाठी न मिळालेला पैसा राजधानीतच होता.

या छळात वू सानग्वी या सेनापतीचा बापही सापडला. वू तेव्हा मांचूंना अडवण्यासाठी शानहाई खिंडीवर मिंग सैन्याचे नेतृत्व करत होता. पुढे लीची फौज, मागे मांचू, अशा कात्रीत त्याने मांचू राजप्रतिनिधी डोर्गोन याच्याशी हातमिळवणी केली. २७ मे रोजी खिंडीजवळच्या लढाईत, धुळीच्या वादळात, मांचू घोडदळ लीच्या बगलेवर आदळले आणि त्याची फौज मोडली. ली बीजिंगला परतला, घाईघाईने स्वतःचा राज्याभिषेक करवून घेतला आणि दुसऱ्याच दिवशी शहर सोडून पळाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात डोर्गोन राजधानीत दाखल झाला. मिंग वंशजांनी दक्षिणेत आणखी काही वर्षे झुंज दिली. नानजिंग १६४५ मध्ये पडले आणि शेवटचा दावेदार योंगली याला १६६२ मध्ये कुनमिंग येथे मारण्यात आले, तेही वू सानग्वीच्याच हुकमाने.

उत्तरेकडील शेतकऱ्याला मात्र राज्य बदलल्याची खूण १६४४ मध्येच दिसली. बीजिंगमध्ये बस्तान बसताच डोर्गोनने चोंगझेनसाठी राजेशाही शोक जाहीर केला, जुन्या अधिकाऱ्यांना आपापल्या जागी काम चालू ठेवायला सांगितले आणि १६१८, १६३७ व १६३९ चे तीनही जादा कर रद्द केल्याचे फर्मान काढले.